गारा पडायच्या आधी: पापाविषयीचा इशारा ऐकणं म्हणजे नेमकं काय करणं

फेब्रुवारी-मार्चमध्ये मोबाइलवर हवामान खात्याचा यलो अलर्ट येतो, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता. ज्याच्या हरभऱ्याची गंजी रानात उघडी पडलेली असते तो ताडपत्री शोधायला धावतो, लिंबाखाली बांधलेली जनावरं सोडून गोठ्यात आणतो. बांधावरचा शेजारी हसतो, "मागच्या बारीबी असाच मेसेज आलता, थेंब पडला न्हाई." २०१४ च्या त्या दोन महिन्यांतली गारपीट पाहिलेला माणूस शेजाऱ्याशी वाद घालत बसत नाही. आधी दावं सोडतो.

पवित्र शास्त्रात हा प्रसंग जवळपास असाच आहे. निर्गमाच्या ९ व्या अध्यायात मोशे फारोला, म्हणजे मिसरच्या राजाला, सातव्या पीडेची खबर एक दिवस आधी देतो. उद्या या वेळेला गारा पडतील; शेतात असलेली माणसं आणि जनावरं आत घ्या, बाहेर राहील ते मरेल. फारोच्या सेवकांपैकी काहींनी या शब्दाची भीती बाळगली आणि गुरं, चाकर घरात घेतले. बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही, त्यांची जनावरं रानातच राहिली. ऐकणारे लोक इस्राएली नव्हते, त्यांनी देव बदलला असंही तिथं लिहिलेलं नाही. त्यांनी ऐकलं हे कशावरून कळलं, तर गुरं आत आली यावरून. पुढं पिकांचा हिशेबही दिलाय: जवस आणि सातू झोडपले गेले, कारण सातू कणसात आला होता आणि जवसाला बोंडं धरली होती, गहू आणि खपली वाचली, कारण ती मागास पिकं. (आपण जवसाची चटणी खातो, मिसरात त्याच्या धाग्याचं कापड विणत.)

पापाविषयीचे बायबलमधले इशारे या अध्यायाच्या उजेडात वाचले की बरीच गुंतागुंत सुटते. इशारा हा निकाल नसतो, तो निकालाच्या आधीचा वेळ असतो. संदेष्टा योना निनवे शहरात जाऊन जो संदेश देतो तो मूळ हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा आहे: आणखी चाळीस दिवस, मग निनवे पालथी पडेल. "जर सुधाराल तर" असं त्यात एक अक्षर नाही. तरी लोक फिरले आणि शहर वाचलं. भविष्य खोटं ठरलं म्हणून योना रुसून बसला. खरं तर त्याचा इशारा बायबलमधल्या सगळ्यात यशस्वी इशाऱ्यांपैकी एक होता. यिर्मयाच्या १८ व्या अध्यायात कुंभाराच्या चाकासमोर हाच नियम उघड सांगितला आहे: ज्या राष्ट्राला मी उपटीन म्हणालो ते वाईटापासून फिरलं, तर मीही माझा बेत फिरवीन.

"पाप लागतं" आणि पाप

मराठीत आपण पाप हा शब्द फार सैल वापरतो. "पाप लागेल" म्हणतो, जणू काजळी लागावी तसं. बायबलच्या हिब्रूत त्यासाठी तीन मुख्य शब्द आहेत आणि ३२ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओळींत तिन्ही एकत्र येतात. त्यातल्या 'पेशा' या शब्दाचा अर्थ बंड, म्हणजे धन्याचा हुकूम माहीत असून मोडणं. 'आवोन' म्हणजे वाकडेपणा, आणि त्या वाकडेपणाचं ओझंही. तिसरा, सगळ्यात जास्त वापरलेला शब्द 'खाता'. त्याचा मुळातला अर्थ नेम चुकणं. शास्ते २०:१६ मध्ये सातशे डावखुरे वीर आहेत, केसावर गोफण मारली तरी नेम न चुकणारे. तिथलं 'चुकणे' हे क्रियापद तेच. ज्वारीच्या रानात माच्यावर उभं राहून ज्यानं गोफण फिरवली आहे त्याला हे वेगळं समजावायला नको: दगड सुटला खरा, पण पाखराकडं गेला नाही, शेजाऱ्याच्या टाळक्याकडं गेला.

हा फरक कामाचा आहे. पाप म्हणजे काजळी असं धरलं की माणूस धुण्याचे उपाय शोधतो, आणखी एक उपास, आणखी एक नवस, दानपेटीत आणखी एक नोट. पाप म्हणजे चुकलेली दिशा असं धरलं की प्रश्न बदलतो: मी तोंड कुणीकडं करून उभा आहे?

वेतन वेगळं, पीक वेगळं

परिणामांबद्दल सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो, म्हणून जरा थांबू. नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित पौल दोन वेगवेगळ्या भाषा बोलतो. रोमकरांस पत्रात (६:२३) म्हणतो, "पापाचे वेतन मरण आहे". मूळ ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा, शिध्याचा आहे. नोकरी ज्याची केली त्याच्याकडून हक्कानं मिळणारा मोबदला. त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग लोक विसरतात: देवाकडून मिळतं ते वेतन नाही, कृपादान आहे. पगार कमवावा लागतो, दान कमवता येत नाही.

गलतीकरांस पत्रात (६:७) तो शेतकऱ्याची भाषा बोलतो: "माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल." हे पीक या जगातलंही असतं. क्षमा झाली तरी पेरलेलं उगवायचं थांबत नाही.

दावीद राजाचं उदाहरण पाहा, २ शमुवेल, अध्याय ११ आणि १२. बथशेबा, मग ते लपवायला तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, लढाईत काटा काढणं. नाथान संदेष्टा राजाला थेट काही म्हणत नाही. एका गरिबाची एकुलती मेंढी श्रीमंतानं पाहुण्यासाठी कापली अशी फिर्याद सांगतो. दावीद भडकून निकाल देतो: चौपट भर. तो आकडा मनचा नाही, निर्गम २२:१ मधला आहे. चोरून कापलेल्या मेंढरामागं चार, बैलामागं पाच. मग नाथान म्हणतो, तो माणूस तूच. दावीद कबूल करतो आणि त्याच श्वासात क्षमा मिळते: तू मरणार नाहीस. पण मूल जातं, घरातली तलवार घरात राहते, पुढं अम्नोन, अबशालोम ही त्याची मुलं, सगळं घर पेटतं. दोष मिटला, परिणाम राहिले.

आपल्याकडच्या घरात हे असं दिसतं. बापानं दारू सोडली, मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष दिली, देवानं क्षमा केली. सावकाराचं कर्ज मात्र उरतंच आणि यकृतही पहिल्यासारखं होत नाही. मुलगी अजून वडील उशिरा आले की दाराकडं कान लावून बसते. "क्षमा झाली ना, मग आता तुम्ही विसरा" असं तिला म्हणायचा हक्क त्याला मिळालेला नसतो.

उलट बाजूही तितकीच खरी. यहेज्केलाचा १८ वा अध्याय सांगतो की बापाचा दोष मुलाच्या नावावर चढत नाही. बापानं आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा कुणी बोलू नये असं देव म्हणतो. परिणाम घराला भोगावे लागतात, अपराधी मात्र ज्याचा तोच. "गेल्या जन्मीचे भोग" या हिशेबाला ख्रिस्ती विश्वासात जागाच नाही, कारण माणसाला एकदाच मरणं आणि मग न्याय (इब्री ९:२७), मागचा जन्म खातेवहीत येत नाही.

किल्लारी आणि शिलोहाचा बुरूज

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत गाडली गेली. अशा वेळी "त्या गावांचं काही तरी पाप असणार" असं बोलणारे कुठंतरी निघतातच, आणि दुष्काळातही निघतात. येशूपुढंही हाच प्रश्न आला होता. लूक १३ मध्ये तो स्वतःहून उदाहरण काढतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का? नाही, असं तो स्पष्ट सांगतो. लगेच पुढं ऐकणाऱ्यांकडं वळतो: तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. ढिगाऱ्याखालच्या माणसाचं पाप मोजायचं नाही. जिवंत उरलेल्यानं स्वतःचं बघायचं. जन्मांधाबद्दल शिष्यांनी "पाप याचं की आईबापाचं?" विचारलं तेव्हाही उत्तर 'कुणाचंच नाही' (योहान ९:३).

काही पाप थेट परिणाम आणतात. प्रत्येक संकटापाठीमागं मात्र एखादं ठरावीक पाप शोधणं हा संकटात सापडलेल्या ईयोबाला दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांचा धंदा, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावर होतो. खाटेवरच्या रोग्याला किंवा कर्जापायी कर्ता माणूस गेलेल्या घराला पापाचा पाठ ऐकवणाऱ्या पाळकानं हा शेवट आधी वाचावा.

नरकाबद्दलही एक गोष्ट मोजून बघण्यासारखी आहे. येशू त्यासाठी 'गेहेन्ना' शब्द वापरतो, यरुशलेमेलगतच्या हिन्नोमाच्या खोऱ्यावरून. नव्या करारात तो बारा वेळा येतो. अकरा वेळा येशूच्या तोंडी, एकदा याकोबाच्या पत्रात. आणि येशू तो कुणापुढं काढतो? शिष्यांपुढं, शास्त्री-परूशी या धर्मपुढाऱ्यांपुढं. जकातदार आणि बदनाम बायका यांच्याबरोबर जेवताना हा शब्द त्याच्या तोंडी आलेला दिसत नाही. आपल्याकडं बरोबर उलटं चालतं, चौकात स्पीकर लावून बाहेरच्यांना नरक आणि आतल्या बाकांवर बसलेल्यांना आशीर्वाद.

कान बधिर कसा होतो

यिर्मयाचा ३६ वा अध्याय एका हिवाळी महालात घडतो. नववा महिना, राजा यहोयाकीमासमोर शेगडी पेटलेली. बारूखानं यिर्मयाच्या तोंडून लिहून घेतलेली गुंडाळी वाचली जात आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूनं तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा तुकडा. तीन अधिकारी जाळू नका म्हणून विनवतात. राजाला राग आलेला नाही, घाबरलेलाही नाही. थंडीत हात शेकत इशारा जळतो. त्या वेळेपासून साधारण दोन दशकांत यरुशलेम पडलं. कठोरपणा असा असतो, शांत. आरडाओरडा करणारा माणूस अजून ऐकत असतो.

पौल सद्सद्विवेकाला डाग दिल्याची उपमा वापरतो (१ तीमथ्य ४:२). बैलाला डागण्या दिलेली जागा बोटानं चेपून पाहा, तो अंग थरथरवत नाही. पहिल्यांदा मापात मारताना हात कापतो. दहाव्यांदा कापत नाही. पंचविसाव्यांदा "सगळेच करतात, धंदा आहे" हे वाक्य तयार असतं. इब्री ३:१३ म्हणूनच "आज" या शब्दावर भर देतं आणि "दररोज" एकमेकांना बोध करा म्हणतं, वर्षातून एकदा उजळणी सभेत नव्हे.

फारोकडं परत जाऊ. गारा पडत असताना तो म्हणतो, या वेळेस मी पाप केलं, परमेश्वर न्यायी आहे. शब्दांत चूक नाही, अगदी देवळात शोभेल अशी कबुली. गारा थांबतात आणि तो पुन्हा पाप करतो. हा गारांपुरता पश्चात्ताप. सिझेरियनच्या दाराशी किंवा धाड पडल्यावर पोलीस ठाण्यात केलेले नवस या जातीचे असतात. ओळखायची खूण एकच: संकट टळल्यावर पंधरा दिवसांनी काय चालू आहे ते पाहा.

दुसऱ्याला सांगायचं कसं

जायकवाडीचे दरवाजे उचलायच्या आधी गोदाकाठच्या गावांना इशारा जातो, नदीपात्रात जाऊ नका, मोटारी काढून घ्या, जनावरं वर आणा. यहेज्केलाचा ३३ वा अध्याय हेच काम पहारेकऱ्याला देतो. त्यानं शिंग फुंकलं आणि कुणी ऐकलं नाही तर रक्त ऐकणाऱ्याच्या माथी. त्यानं फुंकलंच नाही तर पहारेकऱ्याच्या माथी. हात धरून ओढून काढणं त्याच्या कामात येत नाही. मुलगा ऐकत नाही म्हणून रात्र-रात्र झुरणाऱ्या आयांनी हे ध्यानात ठेवावं.

पद्धत मत्तय १८:१५-१७ मध्ये क्रमानं आहे. आधी एकट्यानं, दोघांतच. ऐकलं तर विषय संपला, मंडळीत चर्चा नाही. नाही ऐकलं तर एक-दोन माणसं घेऊन, कारण दोन-तीन साक्षीदारांशिवाय गोष्ट शाबीत होत नाही (अनुवाद १९:१५). तरी नाही तर मंडळीपुढं. आपल्याकडं बहुतेक मंडळ्या या क्रमातच घसरतात: आधी व्हॉट्सअॅप ग्रुप, मग प्रार्थनेच्या नावाखाली शेजारपाजार, मग पाळक, आणि सगळ्यात शेवटी तो माणूस, तोवर तो दुसऱ्या मंडळीत गेलेला. आणि जाण्याआधी कुसळ-मुसळाचं वचन (मत्तय ७:३-५) वाचून निघावं. ज्वारीचं कुसळ डोळ्यात गेलं की काढणाऱ्याचा हात किती हलका लागतो हे रानातल्या माणसाला ठाऊक आहे. येशू कुसळ राहू दे म्हणत नाही. आधी स्वतःचं मुसळ काढ, मग कुसळ काढायला नीट दिसेल, असं म्हणतो.

नको त्या भीती

दोन भीतींपायी भले लोक वर्षानुवर्षं कुढतात.

पहिली, "मी क्षमा न होणारं पाप केलं असेल". मार्क ३:२८-३० मध्ये प्रसंग काय आहे ते वाचा. येशूनं लोकांना भुतांपासून सोडवलं आणि शास्त्री म्हणाले, याच्यात बालजबूल आहे. डोळ्यांदेखत पवित्र आत्म्याचं काम बघून त्याला सैतानाचं नाव देणं, तेही हट्टानं. रात्री तीनला उठून "माझ्याकडून झालं का ते?" म्हणून रडणाऱ्या माणसाची ही अवस्था नाही, मन एवढं मेलं असतं तर प्रश्नच पडला नसता.

दुसरी, प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर-प्याला घेण्याच्या विधीची. १ करिंथ ११:२७ मधल्या "अयोग्य प्रकारे" या शब्दांमुळं कित्येक जण भाकर-प्याला पुढं आला की मान खाली घालतात. तिथं तक्रार होती ती श्रीमंत आधीच जेवून घेत, दारू पीत आणि गरीब भुकेला बसे याची. पापी माणसानं मेजापासून लांब राहावं असं पौल लिहीत नाही. २८ वं वचन म्हणतं, माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं. कॅथोलिक शिकवण इथं अधिक काटेकोर आहे: गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी धर्मगुरूकडं कबुली, मग कम्युनियन. गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात, बाब मोठी हवी, पूर्ण माहीत असायला हवं, आणि मनापासून होकार हवा. कबुलीत ऐकलेलं धर्मगुरूनं कुणालाही, कोर्टातही, सांगायचं नसतं.

विश्वास ठेवलेला माणूस कायमचा गळून पडू शकतो का, यावर मात्र मंडळ्यांत मतभेद आहेत, आणि ते आपल्या भागातही वारशानं आले. नारायण शेषाद्री ज्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेचे, ज्यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं, ती परंपरा म्हणते, खरा निवडलेला शेवटपर्यंत टिकतो. मेथडिस्ट म्हणतात, गळू शकतो, म्हणून जपा. इब्री ६:४-६ दोघांच्याही बायबलात आहे. त्यापुढच्या दोन वचनांत पाऊस पिऊन पीक देणारी जमीन आणि पाऊस पिऊन काटेकुसळं देणारी जमीन आहे, आणि ती वाचताना दोन्ही परंपरांचे लोक आपलंच रान डोळ्यासमोर आणतात. प्रत्यक्षात इशाऱ्याचं काम दोघांकडं सारखंच होतं.

फिरायचं म्हणजे काय

आपला 'पश्चात्ताप' शब्द थोडा दगा देतो. पश्चात् अधिक ताप, मागाहून होणारी जळजळ. हिब्रू शब्द 'शूव' म्हणजे माघारी फिरणं. त्यात जळजळ असेल-नसेल, पाय वळलेले असतात. येशूला तीस रुपयांना धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योताला जळजळ झाली, ते रुपये टाकून त्यानं जीव दिला. येशूला ओळखत नाही म्हणालेला पेत्र रडला आणि परत आला.

प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांपैकी पाचांना पश्चात्ताप कर असं सांगितलंय. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया या दोघी सुटल्या. इफिसाला सांगितलेला क्रम (२:५) घरी वापरण्याजोगा आहे. आठव, कुठून पडलास. नेमका दिवस, नेमकी जागा. "मी फार पापी आहे" ही कबुली नव्हे, ते धुकं आहे. "सोयाबीन काढणीच्या बायांचे प्रत्येकी दोनशे रुपये मी कापले" ही कबुली. १ योहान १:९ चा मराठी अनुवाद अप्रतिम आहे: "जर आपण आपली पापे पदरी घेतो". दुसऱ्याच्या पदरात न टाकता स्वतःच्या. मग फिर. आणि मग पहिली कृत्यं कर, म्हणजे सोडलेल्या जागी काहीतरी पेर; नाहीतर रिकाम्या रानात तण दुप्पट येतं. जी वाट पापाकडं नेते ती तोडायची, मग ती बाजारच्या दिवशी दुकानावरून जाणारी असो की रात्री अकरानंतरच्या मोबाइलची. "हात तोडून टाक" याचा रोजचा अर्थ एवढाच.

शेवटी हिशेब. पैशाचा किंवा वस्तूचा घाटा केला असेल तर लेवीय ६:५ आणि गणना ५:७ सांगतात, मुद्दल पूर्ण आणि वर पाचवा हिस्सा. दहा हजार बुडवले असतील तर बारा हजार. मुकादमानं उचलीच्या वहीत वाढवून लिहिलेले पाच हजार असतील तर सहा, आणि वहीतली नोंद त्या कामगारासमोर खोडायची. येशूला भेटलेल्या जक्कया या जकातदारानं चौपट दिलं, वर अर्धी मालमत्ता गरिबांना. ती सक्ती नव्हती, त्याच्या मनाची गोष्ट होती. आणि ज्याचं बुडवलं तो माणूस आता हयात नसेल तर? गणना ५:८ मध्ये तेही आहे: वारसाला द्या, घ्यायला जवळचा कुणीच नसेल तर याजकाला, म्हणजे परमेश्वराला. क्रम तोच ठेवायचा. विधवा दोन गावांपलीकडं जिवंत असताना बंद पाकीट दानपेटीत टाकून मोकळं होणं यात बसत नाही. तिच्या दारात जाऊन रक्कम का देतो ते सांगून द्यायची.